वाटणी शहराची, पाट राज्याचा: सेल्स टॅक्स शेअरिंगच्या करारांचं नेमकं काय होतं

परवा रात्री कुपरटिनोहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, कॅलिफोर्नियात संसार थाटून वीस-एक वर्षं झाली, रविवारी तिकडच्या मराठी शाळेत पोरांना बाराखडी शिकवते आणि गावातल्या सगळ्या गोष्टींवर लक्ष असतं तिचं. म्हणाली, "अरे, तू टॅक्सचं काम करतोस ना, मग मला एक सांग. ॲपलचं हेडऑफिस आमच्या गावात, आणि सिटीचं बजेट काढलं की नुसती काटछाट. हे कसं काय?" मी म्हटलं, ताई, घरात एखादं जुनं लॅपटॉपचं बिल असेल तर शोध, त्याच्यावरूनच सांगतो.

तिने दहा मिनिटांत फोटो पाठवला. 2022 चं बिल, लॅपटॉप बरोबर 1000 डॉलरचा, खाली सेल्स टॅक्स 91 डॉलर 25 सेंट. आता या 91 डॉलरमधला मोठा हिस्सा राज्याचा, मग काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, मग रस्ते-बस वगैरेसाठी लोकांनी मतदान करून लावलेले छोटे छोटे टॅक्स, आणि या सगळ्यात शहराच्या तिजोरीत जातो तो 1 टक्का, म्हणजे 10 डॉलर. हा 1 टक्का 1955 च्या ब्रॅडली-बर्न्स नावाच्या कायद्याने आला आणि त्याचा नियम असा की विक्री ज्या शहरात झाली त्या शहराला तो मिळणार. दुकानात जाऊन घेतलंत तर प्रश्नच नाही, दुकान जिथे तिथलं शहर. पण सॅन डिएगोतला माणूस घरात सोफ्यावर बसून फोनवरून ऑर्डर देतो, माल कुठल्यातरी गोदामातून निघतो, कंपनीचं ऑफिस तिसऱ्याच गावात, मग विक्री झाली कुठे? सगळी भानगड या एका प्रश्नात आहे.

बरीच वर्षं याचं उत्तर कंपनीच्या कागदपत्रांवर ठरत आलं. म्हणजे कंपनी म्हणाली की आमचं विक्रीचं ठिकाण अमुक शहरात, तर राज्यभरातल्या ऑनलाइन ऑर्डरींचा तो 1 टक्का त्या एकाच शहराला. आता शहराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपल्या गावात आणखी एकही माणूस राहायला आला नाही, एक रस्ता वाढला नाही, तरी अख्ख्या राज्याच्या खरेदीतला 1 टक्का आपल्या दारात येऊन पडतोय, तर त्यासाठी कंपनीला थोडं काही परत द्यायला काय हरकत आहे? यालाच म्हणतात सेल्स टॅक्स शेअरिंग ॲग्रीमेंट. कुपरटिनो आणि ॲपलचा असा करार 1990 च्या दशकाच्या शेवटापासूनचा, सुरुवातीला निम्मा हिस्सा कंपनीला परत, पुढे 2013 मध्ये तो 35 टक्क्यांवर आणला. ताईचा लॅपटॉप या कराराखाली धरला तर त्या 10 डॉलरमधले साडेतीन कंपनीला परत आणि साडेसहा शहराला.

आता हे सगळं ऐकून कुणी म्हणेल की शहरं लोभी आहेत, तर तसं नाही, निदान एवढं सोपं नाही. 1978 साली कॅलिफोर्नियात प्रपोझिशन 13, म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन ठरवलेला कायदा, पास झालं, त्याने प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या 1 टक्क्यावर बांधला आणि करासाठी धरायची किंमत वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरलं, मालकी बदलेपर्यंत. घरमालकांना केवढा दिलासा, पण शहरांच्या उत्पन्नाचा मुख्य खांबच छाटला गेला. मग शहरांच्या लक्षात आलं की नवीन घरं आली की शाळा, पाणी, पोलीस सगळं वाढवावं लागतं आणि टॅक्स मात्र बेताचाच, उलट एखादं कार डीलर किंवा मोठं दुकान आलं की सेल्स टॅक्सचा ओघ सुरू. तेव्हापासून शेजारशेजारची गावं एकमेकांची दुकानं ओढायला लागली. आणि ओढाओढीत जी गरीब गावं आहेत, सेंट्रल व्हॅलीतली शेतीवर जगणारी, त्यांच्याकडे हाच काय तो एक पत्ता. हे मी आधीच सांगून ठेवतो कारण पुढे मी या करारांच्या विरोधात बरंच बोलणार आहे, आणि त्या गावांची अडचण खरी आहे हे मला मनापासून वाटतं.

तर मुद्द्यावर येऊ. करार असतात 20 वर्षांचे, 30 वर्षांचे सुद्धा. कंपनी त्याच्या भरवशावर गोदाम बांधते, शहर त्याच्या भरवशावर माणसं भरती करतं, कर्ज काढतं. आणि एवढ्या काळात राज्याचा कायदा तोच राहील असं कुणीही लिहून दिलेलं नसतं. विधिमंडळ उद्या कायदा बदलेल आणि कराराची हवा निघून जाईल, या धोक्याला लेजिस्लेटिव्ह रिस्क म्हणतात, आपण कायदा बदलायची जोखीम म्हणू.

यावर लोक पटकन विचारतात, पण करार तर करार असतो ना, अमेरिकेच्या संविधानातच लिहिलंय की राज्यांनी करारांची बंधनं मोडणारे कायदे करायचे नाहीत. बरोबर, पहिल्या कलमातच आहे ते. पण आपल्याकडच्या कुठल्याही कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. समजा दोन भावांनी लिहून घेतलं की आपल्या चारीला जेवढं पाणी येईल त्याचं निम्मं निम्मं. पक्कं लिहिलं, सह्या केल्या, साक्षीदार घेतले. पुढच्या वर्षी पाटबंधारे खात्याने चारीच दुसरीकडून काढली. आता करार कुणी मोडला? कुणीच नाही. करार शाबूत आहे, आलेल्या पाण्याचं निम्मं द्यायलाही भाऊ तयार आहे, फक्त पाणीच येत नाही. सेल्स टॅक्स शेअरिंगमध्ये अगदी हेच. शहराने शब्द दिलेला असतो आलेल्या टॅक्सचा हिस्सा द्यायचा, पण टॅक्स कुठल्या शहरात मोजायचा हे राज्य ठरवतं. आणि शहर म्हणजे कायद्याच्या नजरेत राज्यानेच तयार केलेली गोष्ट, अमेरिकन सुप्रीम कोर्टाने 1907 मध्ये पिट्सबर्गच्या केसमध्ये हे अगदी स्वच्छ सांगितलं की राज्य शहराचे अधिकार वाढवू शकतं, कमी करू शकतं, काढूनही घेऊ शकतं. म्हणून मला तरी वाटतं की लोक ज्या धोक्याला घाबरतात, की करारांवर बंदी येईल, तो लहान धोका. मोठा धोका हा की बंदी न घालता नुसतं मोजायचं ठिकाण बदलतील.

बंदीचे प्रयत्नही झालेत, आणि ते बघण्यासारखे आहेत कारण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. 1999 मध्ये कॅलिफोर्नियाने ठरवलं की एकाच बाजारपेठेतल्या एका गावातून दुसऱ्या गावात मोठं दुकान किंवा कार डीलर पळवून आणायला पैसे द्यायचे नाहीत. 2009 मध्ये आणखी एक पाऊल, कंपनीचं कामकाज दुसऱ्या गावात चालू राहतंय आणि तिथला टॅक्स फक्त कागदावर आपल्याकडे वळवला जातोय असा करार करता येणार नाही. 2013 च्या कायद्याने 1 लाख डॉलर किंवा त्यापेक्षा जास्त सवलत द्यायची असेल तर आधी लोकांसमोर सगळी माहिती ठेवून सुनावणी घ्यायला लावली. मग 2019 मध्ये राज्याच्या सिनेटमधले स्टीव्ह ग्लेझर यांनी एसबी 531 नावाचं बिल आणलं, त्यात नवीन करारांवर सरळ बंदीच होती, दोन्ही सभागृहांनी पास केलं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला. म्हणजे एका सहीवर अडकलं होतं ते. 2024 मध्ये ग्लेझर यांचं आणखी एक बिल आलं आणि त्यात चालू करारसुद्धा ठराविक तारखेनंतर संपवायची भाषा होती, त्याचा कायदा झाला नाही. पण त्याच वर्षी एबी 2854 नावाचं बिल पास झालं, त्यानुसार असे करार असलेल्या शहरांनी दरवर्षी त्यांची माहिती राज्याच्या कर विभागाला द्यायची आणि स्वतःच्या वेबसाइटवरही टाकायची. हे क्रमाने बघितलं तर कळतं, आधी कोपरे कापले, मग उजेड पाडला, मग बंदीपर्यंत जाऊन परत आले, आणि आता सगळ्यांची यादी मागतायत. ज्याची यादी मागितली जाते त्याचं पुढे काय होतं हे टॅक्सच्या धंद्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

मोजायचं ठिकाण बदलायचा प्रयत्नही ग्लेझर यांनीच 2018 मध्ये करून बघितला, ऑनलाइन खरेदीचा टॅक्स गिऱ्हाईक राहतं त्या शहराला द्या असा संविधानदुरुस्तीचा प्रस्ताव होता तो. साध्या कायद्याऐवजी संविधानदुरुस्ती का, तर 2004 च्या प्रपोझिशन 1ए मध्ये मतदारांनीच विधिमंडळाचे हात बांधून ठेवलेत, स्थानिक सेल्स टॅक्सच्या वाटपाची पद्धत बदलता येऊ नये म्हणून. हे कुलूप चांगलं मजबूत आहे. पण प्रस्ताव पुढे सरकला नाही एवढ्यावर निश्चिंत व्हायचं कारण नाही, कारण कुलूप विधिमंडळाच्या दाराला आहे, आणि जोखीम दुसऱ्या दारांनीही आत येते.

कुपरटिनोत तेच झालं. तिथे विधिमंडळाने एक अक्षर बदललं नाही. राज्याच्या कर विभागाने, त्याला तिकडे सीडीटीएफए म्हणतात, ऑडिट केलं आणि म्हणाले की ऑनलाइन विक्री ज्या पद्धतीने कुपरटिनोच्या खात्यात मांडली जातेय ती तशी मांडता येत नाही. कायदा तोच, वाचणारे डोळे बदलले. 2023 मध्ये शहराला आपल्या सेल्स टॅक्सच्या उत्पन्नाचा अंदाज साधारण 73 टक्क्यांनी खाली आणावा लागला. हा आकडा एकदा नीट वाचा. साठ-एक हजार वस्तीचं गाव, ज्या उत्पन्नावर बागा, लायब्ररीचे जादा तास, रस्त्यांची डागडुजी चालायची त्यातला पाऊण भाग एका पत्राने गेला. आणि कर विभाग मागच्या तिमाह्यांचेही पैसे इकडून तिकडे वळवू शकतो, म्हणजे खर्च होऊन गेलेला पैसा परत करायची टांगती तलवार वेगळीच. ताई म्हणाली, "म्हणजे आमच्या गावाने काही चूक केली नाही?" मी म्हटलं, चूक एकच, जो पैसा दुसऱ्याच्या मर्जीवर येतो तो कायमचा पगार समजून खर्च केला.

टेक्सासमध्ये तर कर विभागाने नियमच बदलला. तिकडे राज्याचा दर 6.25 टक्के आणि त्यावर स्थानिक टॅक्स जास्तीत जास्त 2 टक्के. शहरं तिथल्या लोकल गव्हर्नमेंट कोडच्या 380 क्रमांकाच्या चॅप्टरखाली करार करतात म्हणून बोलताना सगळे त्यांना थ्री-एटी करारच म्हणतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण राउंड रॉक आणि डेल, डेल ऑस्टिनच्या शेजारच्या या गावात 1990 च्या दशकात आली, फोनवरून आणि पुढे इंटरनेटवरून कॉम्प्युटर विकायला लागली आणि तिथल्या विक्रीचा स्थानिक टॅक्स गावाला, त्यातला हिस्सा डेलला. गाव त्यावर वाढलं. मग 2020 च्या मे महिन्यात राज्याचे तेव्हाचे कंप्ट्रोलर, म्हणजे करवसुली सांभाळणारे अधिकारी, ग्लेन हेगर यांच्या ऑफिसने नियम 3.334 मध्ये बदल केले, मतलब असा की वेबसाइट म्हणजे काही धंद्याची जागा नव्हे, बऱ्याच ऑनलाइन ऑर्डरींचा स्थानिक टॅक्स माल जिथे पोचतो तिथे मोजायचा, आणि तो भाग 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू करायचं ठरलं. कोपेल, राउंड रॉक अशी काही शहरं लगेच कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं, की एवढा मोठा बदल करायचा तर निवडून आलेल्या विधिमंडळाने करावा, एका ऑफिसने नियमातली व्याख्या फिरवून करू नये. पण ज्या शेकडो गावांना आजवर काहीच मिळत नव्हतं त्यांच्या बाजूने बघितलं तर हेगर यांचं म्हणणंही पटतं, कारण पार्सलची गाडी रस्ता खराब करते तो त्यांचा.

तिसरं दार कोर्टाचं. इलिनॉयमध्ये हार्टनी फ्युएल ऑइल नावाची कंपनी, मुख्य ऑफिस शिकागोच्या कुक काऊंटीत जिथे टॅक्स जास्त, पण ऑर्डर "स्वीकारायचं" काम दूरच्या पुटनम काऊंटीतल्या मार्क नावाच्या छोट्याशा गावात, तेही एका क्लार्ककरवी. विभागाच्या तेव्हाच्या नियमात ऑर्डर जिथे स्वीकारली तिथे विक्री असं होतं, म्हणून कंपनीने तसं केलं. 2013 मध्ये इलिनॉय सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ कायदा विक्रीच्या सगळ्या धंद्याबद्दल बोलतो, नुसत्या ऑर्डर स्वीकारण्याबद्दल नाही, आणि विभागाचा हा नियम कायद्याशी जुळतच नाही. म्हणजे नियम पाळणाऱ्याच्या पायाखालून नियमच निघून गेला. कोर्टाने एवढी दया दाखवली की कंपनी विभागाच्याच नियमावर विसंबली होती म्हणून मागची वसुली माफ केली. पण मार्कसारख्या गावांचं गणित त्या दिवशी संपलं.

आणखी एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो करार लिहिणाऱ्यांच्या कामाचा आहे आणि फार कमी लोकांना आठवतो. 2004 मध्ये कॅलिफोर्निया राज्य स्वतःच कर्जात बुडालं होतं, बाँड काढले आणि ते फेडायला शहरांच्या 1 टक्क्यातला पाव टक्का उचलला, बदल्यात शहरांना प्रॉपर्टी टॅक्समधून तेवढी भरपाई दिली. याला तिकडे ट्रिपल फ्लिप म्हणायचे, 2015 च्या शेवटपर्यंत चाललं ते. आता समजा करारात लिहिलंय, "शहराला मिळालेल्या सेल्स टॅक्सचा 50 टक्के हिस्सा कंपनीला." 1000 डॉलरच्या मालावर शहराला आता सेल्स टॅक्स म्हणून साडेसात डॉलर आले आणि अडीच डॉलर प्रॉपर्टी टॅक्स म्हणून आले. कंपनीचे पाच डॉलर की पावणेचार? ज्यांनी "त्याबदल्यात मिळालेली रक्कमही धरून" एवढे चार शब्द लिहिले होते त्यांचं निभावलं, बाकीच्यांना वकील शोधावे लागले. एका वाक्यावर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात ते असे.

म्हणून जे जाणकार आहेत ते करारात काही गोष्टी आधीच घालतात. शहर म्हणतं आम्ही देऊ ते फक्त प्रत्यक्ष हातात आलेल्या टॅक्समधून, जनरल फंडातून, म्हणजे शहराच्या बाकीच्या तिजोरीतून, एक पैसा नाही. कायदा बदलला, नियम बदलला, विभागाने किंवा कोर्टाने वेगळा अर्थ लावला, यातलं काहीही झालं तर हिस्सा आपोआप थांबेल किंवा दोघं परत बसून बोलतील, आणि यात "कायदा" शब्दाची व्याख्या मोठी ठेवायची, कारण कुपरटिनोत कायदा बदललाच नव्हता हे आपण बघितलं. विभागाने मागचे पैसे परत मागितले तर कंपनीने तिला मिळालेला हिस्सा परत द्यायचा, हे कलम नसेल तर शहर दोन्हीकडून मार खातं, पूर्ण टॅक्स परत करतं आणि वाटलेला हिस्सा तर कधीच गेलेला असतो. कंपनीच्या बाजूने बघाल तर तिने गोदामाचं गणित या हिश्शाशिवाय सुद्धा जमतंय का ते बघावं, नसेल जमत तर तिथे गोदाम बांधू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय टॅक्सचा पाट फक्त सरकारच वळवतं असंही नाही, ॲमेझॉनने 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या विक्रीची मांडणी बदलली आणि आधी काऊंटीतल्या सगळ्या शहरांत वाटला जाणारा बराच टॅक्स गोदामं असलेल्या शहरांकडे वळला. ना विधिमंडळ, ना कोर्ट, कंपनीने आपली रचना बदलली इतकंच. गोदाम नसलेली गावं बघत राहिली.

ताईने विचारलं, "आपल्याकडे असं असतं का रे?" आपल्याकडे महापालिकेच्या हातात असा सेल्स टॅक्स नाही, जकात होती ती गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि मुंबईची जकात जीएसटी आल्यावर संपली, नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आठवत असतील. पण जोखीम मात्र आपण वेगळ्या रूपात बघितलीय. महाराष्ट्र सरकारच्या सामुदायिक प्रोत्साहन योजनेत उद्योगांना विक्रीकरात सवलत, पुढे व्हॅटचा परतावा मिळायचा, हे सगळं माल तयार होतो त्या राज्यात टॅक्स येतो या गृहीतावर उभं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, टॅक्स माल वापरला जातो त्या राज्याचा झाला, आणि परताव्याची मोजदाद एका रात्रीत बदलली. उत्तराखंड-हिमाचलमधल्या कारखान्यांना एक्साइजमध्ये 10 वर्षांची पूर्ण माफी कबूल होती, जीएसटीनंतर केंद्राने तिच्या जागी सीजीएसटीचे, म्हणजे जीएसटीतल्या केंद्राच्या भागाचे, 58 टक्के परत देणारी योजना आणली. हिरो मोटोकॉर्प सुप्रीम कोर्टात गेली, पूर्ण 100 टक्के द्या म्हणून, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये कोर्टाने सांगितलं की सरकारने दिलेला शब्द संसदेच्या कायद्यावर मात करू शकत नाही. कारखाना उभा, कामगार कामावर, आणि ज्या माफीवर हिशेब मांडला ती गेली.

शेवटी ताई म्हणाली की पुढच्या आठवड्यात सिटी कौन्सिलची बजेटवर बैठक आहे, लोकांना तीन-तीन मिनिटं बोलायला देतात, मी काय विचारू? मी तिला दोन प्रश्न लिहून दिले. असे जे करार आहेत त्यांचा पैसा पगारासारख्या दरवर्षीच्या खर्चात धरलाय की रस्ता, छप्पर, पंप अशा एकदाच करायच्या कामांसाठी बाजूला ठेवलाय, हा एक. आणि विभागाने परत मागितले तर कंपनीने तिचा हिस्सा परत करायचा हे करारात कुठल्या कलमात लिहिलंय, कलमाचा नंबर सांगा, हा दुसरा. "मराठीत लिहिलेस की," म्हणाली. मी म्हटलं तिकडे इंग्रजीत विचार, पण उत्तर कळलं की मला मराठीत सांग. एबी 2854 मुळे कराराची माहिती शहराच्या वेबसाइटवर टाकावी लागतेच, ती लिंक सापडली की पाठवते म्हणाली, मी वाट बघतोय.